डोकं बाजूला ठेवून बघू नका

पुण्यात आम्ही दहा-बारा जण मिळून एक चित्रपट मंडळ चालवतो. महिन्यातून दोन शनिवार, कुणाच्या तरी ओळखीनं मिळालेला हॉल, भाड्याचा प्रोजेक्टर, सिनेमा संपल्यावर चहा आणि चर्चा. गेल्या पावसाळ्यात मी 'स्वोर्ड्समन टू' सुचवला. १९९२ सालचा हाँगकाँगचा सिनेमा. त्यात माणसं झाडांच्या शेंड्यांवरून पळतात, एक म्हातारा समोरच्याची सगळी शक्ती शोषून त्याचं चिपाड करतो आणि त्यातली सगळ्यात भयंकर व्यक्ती भरतकामाची सुई-दोरा घेऊन लढते. मंडळातले एक काका आहेत. सिनेमा कसा बघायचा हे मी त्यांच्याकडूनच शिकलो, त्यामुळे त्यांचं मत मला लागतं. ते म्हणाले, "मजा येते रे, नाही म्हणत नाही. पण ते डोकं बाजूला ठेवून बघायचे सिनेमे. डिसेंबरात एखादी फन नाइट करू, तेव्हा लावू."

त्याच महिन्यात आम्ही 'द ट्युरिन हॉर्स' दाखवला. त्यात बाप-लेक उकडलेला बटाटा सोलून खातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोलून खातात, बाहेर वारा सुटलेला असतो. मला तो सिनेमा मनापासून आवडतो. पण 'त्या बटाट्याचं लॉजिक काय?' असं चर्चेत कुणीही विचारलं नाही, हे मी वहीत टिपून ठेवलं. संथ अतिशयोक्तीला आपण शैली म्हणतो आणि वेगवान अतिशयोक्तीला बालिशपणा, हे कोणी आणि कधी ठरवलं?

माझं म्हणणं सरळ आहे. या सिनेमांना चिनीत 'वुशिया' म्हणतात. 'वू' म्हणजे युद्धकला आणि 'शिया' म्हणजे दिलेला शब्द पाळणारा, दुबळ्यांसाठी शस्त्र उचलणारा भटका वीर. या सिनेमातलं उडणं, फाटणं, फुटणं हे डोक्याला सुट्टी देण्यासाठी नसतं. ती एक भाषा आहे आणि तिला व्याकरण आहे. ते व्याकरण शिकायला डोकं लागतं. ज्यांनी ते बाजूला ठेवलं, त्यांना फक्त गोंगाट ऐकू येतो आणि मग तेच सांगत सुटतात की सिनेमात गोंगाटच आहे.

मला हे व्याकरण शिकवलं आजीनं. आमचं घर कुडाळजवळ. केबलवाला रात्री उशिरा हिंदीत डब केलेले परदेशी सिनेमे लावायचा. असाच एकदा 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' लागला. मी तेव्हा सहावी-सातवीत. बांबूच्या बनातली मारामारी सुरू झाली. ली मू बाई एका लवलवत्या फांदीवर शांत उभा आहे आणि समोर ती तरुण, हट्टी, पळून आलेली मुलगी तलवार परजत बांबूला लटकते आहे. मी म्हटलं, "आजी, हे कसं काय उडतात?" आजीनं नजर न हलवता सांगितलं, "तो उडणा नाय रे, तेचो जीव हलको झालो. ता चेडू बघ, रागान जड झाला हा."

पुढं दहा वर्षांनी मी या प्रसंगावर बरंच काही वाचलं. आजीच्या दोन वाक्यांपलीकडं फारसं काही हाती लागलं नाही. ती आयुष्यभर दशावतार बघत आली होती. देवळासमोर एक बाकडं ठेवलं की ते सिंहासन. त्याच बाकड्यावरून उडी मारली की रणांगण. लुगडं नेसलेला पुरुष आला की ती राणी. यात तिला कधी काही 'मानून घ्यावं' लागलं नाही. आणि वुशिया सिनेमाची मुळं नेमकी अशाच रंगभूमीत आहेत. पेकिंग ऑपेरात नटाच्या हातात गोंडे लावलेला चाबूक आला की तो घोड्यावर बसला, असं प्रेक्षक समजतो. किंग हू या दिग्दर्शकानं १९६० च्या दशकात वुशियाला नवं रूप दिलं, तेव्हा त्याचा मारामारी बसवणारा माणूस, हान यिंगजिए, ऑपेरातच तयार झालेला होता. किंग हूच्या सिनेमात तलवारी चालतात त्या ऑपेरातल्या लाकडी टाळांच्या आणि झांजांच्या तालावर. त्यामुळे 'माणूस खरंच इतकी उंच उडी मारू शकतो का?' हा प्रश्न त्या प्रेक्षकाला पडतच नाही. त्याचा प्रश्न असतो, 'याची उडी त्याच्यापेक्षा वेगळी का?'

व्याकरण म्हणालो, तर त्याचा एक नियम सांगतो. या कलेला चिनीत 'छिंगगोंग' म्हणतात, म्हणजे हलकं होण्याची साधना. आपल्याकडच्या अष्टसिद्धींमधली लघिमा आठवा. सुपरमॅन जन्मानंच उडतो. त्याला काही शिकावं लागत नाही, कशाला पाय टेकवावा लागत नाही. वुशियातला माणूस वर्षानुवर्षं तालीम करतो आणि तरी त्याला टेकायला काहीतरी लागतंच. भिंत, पाण्याचा पृष्ठभाग, एखादं पान. जमीन सुटते, पण पूर्ण सुटत नाही. 'क्राउचिंग टायगर'मधला सुरुवातीचा छपरांवरचा पाठलाग पुन्हा बघा. मिशेल यो त्या चोर मुलीच्या मागं आहे. मुलगी प्रत्येक वेळी वर निसटू बघते आणि मिशेल यो प्रत्येक वेळी तिला खाली ओढते, तिच्या पावलावर पाय देऊन दाबते. लढाईत प्रश्न एवढाच आहे की ही बाई त्या पोरीला जमीन सोडू देते की नाही. आणि ही बाई कोण? जिचा होणारा नवरा मेला, जिचं ज्याच्यावर प्रेम आहे तो त्या मेलेल्याचा शपथबंधू, म्हणून दोघंही वर्षानुवर्षं गप्प. जबाबदारीच्या वजनानं जमिनीला खिळलेली बाई एका मुक्त होऊ बघणाऱ्या मुलीला उडू देत नाही. हे संवादात लिहिलं असतं तर दहा मिनिटांचं रडकं दृश्य झालं असतं. इथं दोन पावलं दिसतात, एक वर जाणारं आणि एक त्याला दाबणारं.

आता माझ्यातल्या इंजिनियरला थोडं बोलू द्या. हे सगळं तारेवर होतं. कमरेला पट्टा, त्याला तार, तार क्रेनला किंवा कप्पीला, आणि दुसऱ्या टोकाला ताकदीनं ओढणारी माणसं. मॅकेनिक्सच्या पहिल्या वर्षात शिकवतात तेच. बल कमरेवर लागतं, म्हणून कंबर आधी जाते आणि पाय मागं राहतात. शरीर लंबकासारखं झुलतं आणि वळताना तोल शोधतं. जाणकार नट ते मागं राहिलेले पाय असे काही वळवतो की तेच सौंदर्य होतं. १९८०-९० च्या दशकांत तारा कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून बारीक वापराव्या लागत आणि त्या लपवायला अंधार, धुकं, मागून येणारा प्रकाश, झटपट तुकडे. त्या काळच्या हाँगकाँगच्या सिनेमात रात्री इतकं निळं धुकं का असतं, याचं एक उत्तर हेही आहे. पुढं संगणकावर तारा पुसता येऊ लागल्या, तेव्हा जाड, भरवशाच्या तारा लावून दिवसाउजेडी, झेज्यांग प्रांतातल्या आंजीच्या खऱ्या बांबूच्या बनात, नटांना शेंड्यांवर टांगता आलं. तो प्रसंग इतका हलका दिसतो कारण तिथं खरं वजन आहे. बांबू खरा लवतो आहे आणि माणूस खरा झुलतो आहे. मिशेल योच्या गुडघ्याचा स्नायुबंध याच चित्रीकरणात फाटला. गुरुत्वाकर्षण या सिनेमात कुठं आहे असं विचारणाऱ्यांनी तिच्या गुडघ्याला विचारावं.

किंग हूकडं तर ही साधनंही नव्हती. त्याच्या 'अ टच ऑफ झेन'मध्येही बांबूचं बन आहे, 'क्राउचिंग टायगर'च्या जवळजवळ तीस वर्षं आधीचं. उंचावरून खाली सूर मारणारी बाई त्यानं अनेक छोट्या तुकड्यांत दाखवली. डेव्हिड बोर्डवेल या अभ्यासकानं दाखवून दिलंय की किंग हू मुद्दाम कमी दाखवतो. कृती इतकी वेगवान आहे की कॅमेऱ्यालाही ती धड पकडता आली नाही, असं प्रेक्षकाला वाटावं म्हणून. म्हणजे अतिशयोक्ती करायची ती कपातीनं. १९७५ साली कान महोत्सवात या सिनेमाला तांत्रिक कामगिरीचा मोठा पुरस्कार मिळाला. हे आमच्या काकांना माहीत आहे आणि म्हणून 'अ टच ऑफ झेन' दाखवायला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती 'स्वोर्ड्समन टू'ला. कानचा शिक्का असेल तर ध्यान आणि नसेल तर धिंगाणा.

हा तुच्छतेचा सूर नवा नाही, हे मला नंतर कळलं. १९२८ मध्ये शांघायच्या मिंगशिंग कंपनीनं 'द बर्निंग ऑफ द रेड लोटस टेंपल' काढला. हवेतून जाणारे वीर, तलवारींतून निघणारे हातानं रंगवलेले किरण. इतका चालला की १९३१ पर्यंत त्याचे अठरा भाग निघाले. आज त्यातला एकही भाग उपलब्ध नाही. मुलं घर सोडून डोंगरात गुरू शोधायला निघतात अशी ओरड झाली आणि राष्ट्रवादी सरकारच्या सेन्सॉरनं १९३१ साली अंधश्रद्धेचं कारण देऊन बंदी घातली. गंमत पुढंच आहे. सरकारचे कट्टर विरोधक असलेले डावे लेखक याबाबतीत सरकारच्याच बाजूला होते. माओ दुननं १९३३ साली एका लेखात त्या थिएटरातल्या प्रेक्षकांचं वर्णन केलंय. पडद्यावर वीर भिडले की टाळ्या, आरडाओरडा, जणू ते सगळं खरंच घडतंय. त्याच्या मते ही सरंजामी भूल होती, लोकांना जागं होऊ न देणारी. सरकारला भीती की लोक बिथरतील, डाव्यांना भीती की लोक झोपतील, आणि दोघांचं एका गोष्टीवर एकमत की या प्रेक्षकाला डोकं नाही. आमच्या मंडळाची परंपरा बरीच जुनी आहे म्हणायची.

त्या प्रेक्षकाला डोकं होतं. तो काय बघत होता? 'जियांगहू'. शब्दशः नद्या आणि सरोवरं. म्हणजे सरकारी कचेरीच्या बाहेरचं जग, जिथं भटके, साधू, जुगारी, खानावळवाले, भिकारी, हद्दपार लोक राहतात आणि राजाच्या कायद्याऐवजी दिलेल्या शब्दाच्या कायद्यानं चालतात. किंग हूच्या 'ड्रॅगन इन'मध्ये (१९६७) हिजड्यांच्या हातातली गुप्त पोलीस यंत्रणा एका मंत्र्याला मारते आणि त्याच्या हद्दपार मुलांनाही संपवायला सीमेवरच्या खानावळीत दबा धरून बसते. तिथं चार-दोन अनोळखी माणसं, कुणीही सांगितलेलं नसताना, आडवी येतात. त्सुई हार्कचा 'झू: वॉरियर्स फ्रॉम द मॅजिक माउंटन' (१९८३) तर अतिशयोक्तीचा कळस, त्यात सामो हंगच्या भुवया दोरखंडासारख्या वाढतात आणि तो त्या भुवयांनी राक्षसाला बांधून ठेवतो. पण सुरुवात काय आहे? एका शिपायाचे दोन वरिष्ठ भांडताहेत, एक म्हणतो पाण्यातून जा, दुसरा म्हणतो जमिनीवरून. शिपाई दोघांनाही 'हो' म्हणतो आणि दोघंही त्याला गद्दार ठरवतात. मी दोन मॅनेजरांच्या हाताखाली एकाच वेळी काम केलंय. राक्षसाला बांधणाऱ्या भुवयांपेक्षा मला ते पहिलं दृश्य जास्त अतिवास्तव वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही.

जिन योंगचं उदाहरण याहून ठळक. 'स्वोर्ड्समन टू' ज्या कादंबरीवर आधारलाय, ती त्यानं १९६७ ते १९६९ या काळात हाँगकाँगमधल्या स्वतःच्याच 'मिंग पाओ' दैनिकात क्रमशः लिहिली. पलीकडं मुख्य भूमीवर सांस्कृतिक क्रांती पेटलेली. कादंबरीत एक पंथ आहे, त्याचे अनुयायी प्रमुखासमोर रोज स्तुतीच्या घोषणा देतात. दुसरीकडं एक सद्गृहस्थ गुरुजी आहेत, तोंडानं नीती आणि हातानं कारस्थान. जिन योंगनं पुढं लिहिलं की त्याच्या मनात एखादी विशिष्ट घटना नव्हती, सत्तेमागं धावणारी सगळ्याच काळातली माणसं होती. ही कादंबरी सायगावच्या वर्तमानपत्रांतही छापली जायची आणि दक्षिण व्हिएतनामच्या संसदेत खासदार एकमेकांना त्या ढोंगी गुरुजींचं नाव घेऊन शिव्या द्यायचे, हेही त्यानंच नोंदवलंय. डोकं बाजूला ठेवून वाचणाऱ्यांची ही संसद.

यावर माझ्या बाजूची मंडळी एक चूक करतात, ती मी करणार नाही. जियांगहू म्हणजे स्वातंत्र्याचं नंदनवन नाही. तिथं गुरूचा शब्द अंतिम असतो, घराणी सूड पिढ्यान्पिढ्या पोसतात, हिजडे बहुतेक वेळा खलनायकच असतात. शिवाय कित्येक सिनेमांचं कथानक अर्ध्यावर स्वतःलाच विसरतं. 'झू' मी चार वेळा पाहिलाय आणि मधली वीस मिनिटं मला अजून सांगता येणार नाहीत. या विधेबद्दलचा माझा सर्वांत मोठा राग मात्र तिच्या सर्वांत देखण्या सिनेमावर आहे.

झांग यिमोऊचा 'हीरो', २००२. लाल, निळा, पांढरा, हिरवा. पानं रक्ताच्या रंगाची होतात, तळ्यावरून तलवारी पाणी चिरत जातात. नायक छिनच्या राजाला मारायला येतो, दहा पावलांवर पोचतो, आणि राज्य एकसंध व्हावं म्हणून स्वतःहून माघार घेतो. मग हजारो बाण. इथं एक जुना संदर्भ कामाचा आहे. हान फेई नावाच्या विचारवंतानं इसवी सनाआधीच्या तिसऱ्या शतकात राज्याला पोखरणाऱ्या पाच किडींची यादी केली, आणि त्यात तलवार घेऊन कायदा मोडणारे हे 'शिया' होते. ते लेखन वाचून प्रभावित झालेला राजा कोण? हाच, छिनचा. (पुढं हान फेई त्याच राजाच्या तुरुंगात मेला.) म्हणजे दोन हजार वर्षं ज्या विधेनं दरबाराच्या त्या यादीला वाकुल्या दाखवल्या, तिच्यातलाच एक वीर 'हीरो'मध्ये येऊन म्हणतो, महाराज, किडींबद्दल तुमचं बरोबर होतं. तारा तशाच, नट तेच, सौंदर्य दुप्पट. पण पाय टेकायची जागा सिंहासनाची पायरी झाली. 'हीरो'वर हा आक्षेप अनेकांनी घेतलाय. माझं म्हणणं एवढंच की हा आक्षेप घेण्यासाठी आधी या सिनेमांना डोकं आहे हे मान्य करावं लागतं. डोकं नसलेला सिनेमा शरणागती कशी पत्करेल?

आता तर उडण्यातलं वजनही जातंय. हिरव्या पडद्यासमोर उभं राहून हातवारे केलेले, मागं ढग आणि महाल नंतर चिकटवलेले सिनेमे आणि मालिका ढिगानं येतात. त्यात कंबर आधी जात नाही, पाय मागं राहत नाहीत, कुणी कुणाला खाली ओढत नाही. तिथं खरंच डोकं बाजूला ठेवा, माझी हरकत नाही. आणि 'आपल्याकडं कुठं हे?' म्हणणाऱ्यांसाठी: ज्या चिंग सियु-तुंगनं 'स्वोर्ड्समन टू' आणि त्याआधी 'अ चायनीज घोस्ट स्टोरी' केला, त्याच माणसाला 'क्रिश'च्या मारामाऱ्या बसवायला बोलावलं होतं. शाळेत असताना आपण सगळ्यांनी ते उडणं पाहिलंय. फक्त त्याला वुशिया म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

राहता राहिला 'स्वोर्ड्समन टू'. त्यातली ती सुई-दोऱ्याची व्यक्ती म्हणजे डोंगफांग बुबाई. सर्वश्रेष्ठ विद्येचं एक हस्तलिखित आहे आणि त्याची पूर्वअट आहे स्वतःचं खच्चीकरण. सत्तेसाठी त्यानं ते केलं. पण विद्या वाढत जाते तसा तो हळूहळू बाई होत जातो आणि मग एका निष्काळजी, दारुड्या, जियांगहू सोडून जायला निघालेल्या तलवारबाजाच्या प्रेमात पडतो. पडते. ही भूमिका ब्रिजिट लिन या अभिनेत्रीनं केली आहे; म्हणजे बाईनं केलेला पुरुष, जो बाई होतोय. आमच्या आजीला यात अडचण आली नसती. आमच्या मंडळात दोन जणांना आली.

जिन योंगच्या कादंबरीत हे पात्र थोडा वेळ येतं आणि खलनायक म्हणून मरतं. त्सुई हार्क आणि चिंग सियु-तुंगनं ते मधोमध आणून ठेवलं, आणि शेवटच्या लढाईत सगळं अति केलं: सुया, दोरे, कोसळणारे लाकडी सज्जे, कड्यावरून लटकणारे चार-पाच जण. त्यात ती पडते. तो तिला पकडायला मागोमाग उडी घेतो. मोकळ्या हवेत, खाली खोल दरी, आणि त्याला एकच गोष्ट हवी आहे: त्या रात्री माझ्याजवळ होतीस ती तूच का? ती होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तुला ते कधीच कळणार नाही, एवढं सांगते आणि उरलेली सगळी विद्या वापरून त्याला वर ढकलते. तो वर जातो आणि ती खाली. ज्या शक्तीसाठी तिनं स्वतःला कापलं, तिचा शेवटचा उपयोग दुसऱ्याला हलकं करायला झाला. हे दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसवलेल्या, उत्तम वास्तवदर्शी अभिनय करणाऱ्या माणसांकडून कसं करून घ्याल? मी प्रामाणिकपणे विचारतोय, कारण मला जमलेलं नाही; मी कॉलेजात दोन एकांकिका लिहिल्यात आणि दोन्हींत माणसं खुर्च्यांवर बसून होती.

हे सगळं मी काकांना एका लांबलचक मेलमध्ये लिहून पाठवलं. चार दिवसांनी फोन आला. म्हणाले, "वाचलं. भुवयांचं पटलं नाही, पायाचं पटलं. तो छपरावरचा पाठलाग पुन्हा बघितला मी." मग थोडं थांबून, "डिसेंबरचा दुसरा शनिवार घे. आधी दहा मिनिटं तू बोल." मी म्हटलं, काका, बोलत नाही, 'ट्युरिन हॉर्स'आधी कुणी बोललं नव्हतं. फक्त पत्रकावरून 'फन नाइट' हे शब्द काढा. ते बघतो म्हणालेत. पत्रक अजून छापायला गेलेलं नाही.